दोन्ही भोकांत लागणारा टेस्टर

एन.सी.ई.आर.टी.चे दहावीचे विज्ञानाचे पाठ्यपुस्तक 2006 साली प्रथम प्रसिद्ध झाले. त्यात विद्युतधारेच्या चुंबकीय परिणामांवरील प्रकरणात घरगुती विद्युत परिपथांवर एक छोटा भाग आहे. खांबावरून येणाऱ्या तारा, मीटर, मुख्य फ्यूज, दिवे-पंख्यांसाठी 5 अँपिअरचा आणि गीझरसारख्या उपकरणांसाठी 15 अँपिअरचा परिपथ, समांतर जोडणी, अर्थिंग, सगळे थोडक्या जागेत येते. आकृतीही सुबक आहे. तक्रार एवढीच, की या आकृतीतल्या घरात जवळजवळ काही बिघडतच नाही. बिघडलेच तर एकच गोष्ट घडते: धारा वाढते आणि फ्यूज वितळतो.

चाळीस-पन्नास वर्षांच्या घरात मात्र बहुतेक वेळा याच्या उलट घडते. लाकडी पट्टीवरून नेलेली वायर, चिनी मातीचे किटकॅट फ्यूज, पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेले जोड. अशा घरात एका संध्याकाळी दोन खोल्यांतली वीज जाते. फ्यूज शाबूत असतो. धारा वाढलेली नसते, ती थांबलेली असते. या प्रसंगाबद्दल पाठात काही नाही.

मग कोणीतरी टेस्टर आणतो. प्लगच्या एका भोकात तो लागतो, ते ठीकच. पण दुसऱ्या भोकातही लागतो! दिवा मात्र पेटत नाही. ‘दोन्हीकडे फेज आला’ असे म्हणून लोक गोंधळतात. दहावीच्या मुलांना हे कोडे घालून पाहा. पाठातली प्रत्येक व्याख्या पाठ असूनही ते सुटणार नाही, कारण त्यासाठी लागणारी एक गोष्ट पाठात नाही: न्यूट्रल तार रोहित्रापाशी जमिनीला जोडलेली असते. म्हणून तिचे विभव जमिनीच्या जवळपास असते आणि म्हणूनच एरवी टेस्टर त्या भोकात लागत नाही. आता ही तार वाटेत कुठे तुटली, आणि खोलीतल्या एखाद्या दिव्याचे बटण चालू राहिले, तर फेज त्या दिव्यातून पलीकडे न्यूट्रलच्या तुटक्या भागात पोचतो. धारा वाहत नाही, म्हणून दिव्यात विभव खर्च होत नाही, आणि ‘काळी’ तारही जमिनीच्या मानाने 230 व्होल्टवर जाते. सगळी बटणे बंद केली, प्लग काढले, की दुसऱ्या भोकातला टेस्टर विझतो किंवा अगदी मंद होतो. घरात वीज नाही असे समजून या काळ्या तारेला हात लावणाऱ्याचा जीव जाऊ शकतो.

त्याच पुस्तकात लाल तारेपुढे कंसात ‘धन’ आणि काळ्या तारेपुढे ‘ऋण’ असे छापले आहे. प्रत्यावर्ती धारेत सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते, तेव्हा हे शब्द निरर्थक आहेत. इतकेच नव्हे, तर फेज आणि न्यूट्रल यांतला खरा फरक (एक जमिनीशी बांधलेली, दुसरी नाही) ते झाकून टाकतात. पूर्वी निदान जनित्राच्या भागात प्रत्यावर्ती धारेची ओळख होत असे. 2022 साली अभ्यासक्रम कमी करताना विद्युत प्रवर्तन आणि जनित्र वगळले गेले, घरगुती परिपथ राहिला. आता ‘धन’ हा शब्द दुरुस्त करायला शिक्षकाला त्या पुस्तकात आधारही उरलेला नाही.

रंगांचेही तसेच. लाल, काळा, हिरवा हे संकेत शिकवावेतच, पण जुन्या घरात वायरमनकडे जो रंग शिल्लक होता तो वापरलेला आढळतो. काही घरांत फेज आणि न्यूट्रल दोन्हींवर वेगवेगळे फ्यूज असतात. त्यातला न्यूट्रलचा वितळला, तर वर सांगितलेलीच परिस्थिती घरभर होते. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांतील 32 व्या नियमाने न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज किंवा एकटे बटण घालायला मनाई केली होती, ती उगाच नव्हे.

फ्यूजवर पाठाचा जो विश्वास आहे, तो मला सर्वांत खटकतो. समजा, एका सैल जोडाचा रोध 5 ओहम झाला आहे. चाळीस वॅटचा जुना तारेचा दिवा लावला तर त्या जोडात एक व्होल्टही जात नाही. दिवा नेहमीसारखा पेटतो. आता हजार वॅटची इस्त्री लावा. तिचा रोध सुमारे 53 ओहम, म्हणून धारा 230 भागिले 58, म्हणजे जवळजवळ 4 अँपिअर. जोडात 20 व्होल्ट पडतात आणि सुमारे 80 वॅट उष्णता बोटाच्या पेराएवढ्या जागेत तयार होते. तीही लाकडी पट्टीवर. आणि फ्यूज? धारा वाढलेली नाही, उलट थोडी कमीच झाली आहे. तो शांत बसून राहतो. एमसीबीही तसाच बसतो. इस्त्री लावली की दिवे मंदावतात, बटणाची पाटी गरम लागते, जळका वास येतो, याच खुणा. गणित ओहमच्या नियमाचे, म्हणजे त्याच पुस्तकातले. फक्त ते घरापर्यंत आणलेले नाही.

वर्गात 230 व्होल्टला हात लावायचा नाही, हे उघडच आहे. पण बिघाड शोधणे सेलवर उत्तम शिकवता येते. एका फळीवर नऊ खिळे ठोकून आठ वायरचे तुकडे ओळीने जोडा. एका तुकड्यातली तार आवरणाच्या आत तोडून ठेवा. सेल आणि टॉर्चचा दिवा यांचे एक टोक पहिल्या खिळ्याला आणि दुसरे सरळ पाचव्याला लावले, की दोष कोणत्या अर्ध्या भागात आहे ते कळते. तीन चाचण्यांत तुकडा सापडलाच पाहिजे. एकेक खिळा तपासत जाणारी मुले आणि मधून सुरुवात करणारी मुले यांची शर्यत लावावी. चांगला वायरमन हेच करतो. त्याआधी तो विचारतो, शेजारी वीज आहे का, एकच खोली गेली की सगळे घर, काय चालू केल्यावर गेली. या प्रश्नांना एक पैसा लागत नाही आणि धोका शून्य.

दुसऱ्या तासाला दोन सेलच्या परिपथात पेन्सिलीतले शिसे घाला. तो आपला सैल जोड. शंभर ओहमचा रोध जोडलेला छोटा लाल एलईडी जवळजवळ तसाच पेटेल. त्याच्या जागी टॉर्चचा दिवा लावला की तो मिणमिणेल. मग परीक्षेत ‘फ्यूज म्हणजे काय?’ याऐवजी विचारावे: इस्त्री लावल्यावर दिवे मंद होतात, फ्यूज मात्र वितळत नाही. दोष कोठे असेल, आणि वायरमन येईपर्यंत तुम्ही प्रथम काय बंद कराल?