वारशाची फेरमांडणी : शेर-गिल संग्रह आणि विवान सुंदरम

कौटुंबिक छायाचित्रसंग्रहाकडे वारशाचा पुरावा म्हणून पाहण्याची प्रवृत्ती सार्वत्रिक आहे. पूर्वज असे होते, म्हणून आपण असे आहोत, अशी सरळ संगती तिच्यात गृहीत असते. विवान सुंदरम (१९४३–२०२३) यांची २००१-०२ मधील ‘री-टेक ऑफ अमृता’ ही मालिका या गृहीतकाचीच तपासणी करते.

मालिकेची मूळ सामग्री म्हणजे प्रामुख्याने उमराव सिंह शेर-गिल (१८७०–१९५४) यांनी घेतलेली छायाचित्रे. संस्कृत व फारसीचा व्यासंग असलेला हा शीख सरदार कॅमेऱ्यासमोर स्वतःही वारंवार उभा राहिला. कधी अभ्यासकाच्या, कधी उघड्या अंगाने योगसाधकाच्या रूपात. हंगेरियन पत्नी मारी आंत्वानेत आणि अमृता व इंदिरा या कन्या कधी युरोपीय पोशाखात, तर कधी साडीत दिसतात. वारस ज्याला ‘मूळ’ म्हणेल ते असे आरंभापासूनच योजून धारण केलेले आहे.

सुंदरम हे इंदिरा यांचे पुत्र. अमृता शेर-गिल यांचे निधन १९४१ मध्ये लाहोरला झाले. मावशी त्यांच्यापर्यंत पोचली ती चित्रे, पत्रे, छायाचित्रे आणि कुटुंबातील आठवणी यांतून. संगणकाच्या साह्याने त्यांनी निरनिराळ्या काळांतील प्रतिमा एका चौकटीत आणल्या. रोलाँ बार्थ यांनी १९८० मधील आपल्या ग्रंथात छायाचित्राचे सत्त्व ‘हे होते’ या साक्षीत पाहिले. आईचे बालपणीचे छायाचित्र विवेचनाच्या केंद्रस्थानी ठेवूनही त्यांनी ते छापले नाही. बार्थ यांचा शोक प्रतिमा राखून ठेवतो. सुंदरम ती खुली करतात आणि तिची साक्ष मोडतात.

येथे अधिकाराचा प्रश्न उद्भवतो. पिता व कन्या यांना विलक्षण निकट आणणाऱ्या चौकटी पित्याच्या दृष्टीतील सुप्त आकर्षण उघड करतात, की नातू ते आरोपित करतो? मृतांची संमती घेता येत नाही. जेथे एकच व्यक्ती दोन वयांत एकत्र दिसते तेथे रचितपणा स्वयंस्पष्ट असतो, आणि तेथे मालिका प्रामाणिक वाटते. जेथे सांधा लपतो तेथे मात्र कल्पित नाते जुन्या कृष्णधवल छायाचित्राची विश्वासार्हता उसनी घेते. ही मालिकेची खरी मर्यादा होय.

दुसरी मर्यादा वर्गीय आहे. बुडापेस्ट, सिमला, पॅरिस असा प्रवास करणाऱ्या सधन कुटुंबालाच असा संग्रह शक्य होता. ज्यांच्या घरी छायाचित्रच नव्हते त्यांच्या वारशाविषयी ही पद्धती काही सांगू शकत नाही. तरीही वारसा स्वीकारणे ही एक अन्वयार्थाची, आणि म्हणून जबाबदारीची, कृती आहे हे सुंदरम यांनी दाखवून दिले. संग्रहाला पवित्र ठेवा मानणाऱ्या दृष्टीला ही जबाबदारी टाळता येते. सुंदरम यांनी ती पत्करली, याची नोंद त्यांच्या दोषांसह घ्यावी लागते.