नऊ अंकांची बंदिश : ३८१६५४७२९

अडतीस कोटी सोळा लाख चोपन्न हजार सातशे एकोणतीस. १ ते ९ हे अंक हिच्यात एकेकदाच येतात. पण तशा मांडण्या तर ३,६२,८८० निघतात. हिची गोडी कळायला ती डावीकडून एकेक अंक वाढवत वाचावी लागते. ३८ ला २ ने भाग जातो, ३८१ ला ३ ने, ३८१६ ला ४ ने, ३८१६५ ला ५ ने, आणि असेच थेट ९ पर्यंत. दर मुक्कामी बाकी शून्य. एवढ्या साऱ्या मांडण्यांत हे साधणारी ही एकटीच!

पाचव्या जागी ५ हवाच, कारण शून्य हाताशी नाही. दुसरी, चौथी, सहावी आणि आठवी जागा सम अंक मागते; सम अंकही नेमके चारच. म्हणून विषम-सम-विषम अशी लय आपोआप धरली जाते. ती कुणी मुद्दाम घातलेली नाही, हे मला फार देखणे वाटते.

खरी कारागिरी चौथ्या आणि आठव्या जागेत आहे. ४ ची कसोटी शेवटच्या दोन अंकांवर ठरते. त्यातला पहिला विषम, म्हणून त्याच्यापुढे २ किंवा ६ च चालतो. आठव्या जागीही तेच: सहावा अंक सम असल्याने त्याच्या शेकड्यांना ८ ने भाग जातोच, प्रश्न उरतो शेवटच्या दोघांचा. २ आणि ६ असे इथे अडकले की ४ आणि ८ दुसऱ्या नि सहाव्या जागी जाणार. मग ६ ची कसोटी मधल्या तीन अंकांना दोनच रूपे ठेवते, २५८ किंवा ६५४. दोन्हींची बेरीज १५. आपल्या संख्येत ६५४ आहे. आता तिचे तीन-तीनचे गट पाहा. ३८१ ची बेरीज १२, ६५४ ची १५, ७२९ ची १८. किती डौलदार चढण!

इथवर दहा मांडण्या टिकतात, आणि मग येतो ७. त्याची कसोटी अंकांकडे नुसते पाहून लागत नाही, भागाकारच करावा लागतो. त्या दहांत चक्क ९८७६५४३२१ ही आहे! बाकी सगळ्या पायऱ्या ती बिनचूक उतरते, पण ९८७६५४३ ला ७ ने भागले की ५ उरतात. १८३६५४७२९ मध्ये तर आपल्या संख्येचे फक्त पहिला आणि तिसरा अंक अदलाबदल झालेले. तिथे ६ उरतात. आणि ३८१६५४७? सात गुणिले ५,४५,२२१. निःशेष. नऊ जणी गळतात त्या याच एका पायरीवर.

९ ला काहीच करावे लागत नाही. सगळ्या अंकांची बेरीज ४५, कोणत्याही क्रमाने मांडा. शेवटी एक शून्य जोडा: ३८१६५४७२९०. आता दहाही अंक एकेकदा आले, आणि १० नेही भाग गेला.