नागपाशाचे चित्र : पाहावयाचे की वाचावयाचे?

मेवाडचे महाराणा जगतसिंह यांच्यासाठी १६४९ ते १६५३ या काळात वाल्मीकिरामायणाची एक भव्य सचित्र पोथी सिद्ध झाली. तिची बरीचशी चित्रे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, तर काही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. २०१४ मध्ये ही विखुरलेली पाने संगणकाच्या पडद्यावर पुन्हा एकत्र आली. त्यांतील युद्धकांड १६५२ मध्ये साहिबदीन या मुसलमान चित्रकाराने रंगविले. त्यातल्याच नागपाशाच्या चित्राविषयी येथे लिहावयाचे आहे.

हातभर रुंदीच्या या पानावर इंद्रजिताचे सर्पबाण सुटतात, रामलक्ष्मण बद्ध होऊन पडतात, विजयी पुत्राला रावण आलिंगन देतो आणि पुष्पक विमानातून सीतेला रणभूमी दाखविली जाते. एकच पात्र एकाच चौकटीत पुनःपुन्हा दिसते. हे पाहून नवखा प्रेक्षक गोंधळतो आणि चित्रकाराला प्रमाणबद्धतेचे व काळाचे भान नव्हते, असे म्हणून मोकळा होतो.

आमच्या मते हा दोष चित्राचा नसून आपल्या सवयीचा आहे. सयाजीराव महाराजांनी बडोद्यास राजा रविवर्म्याकडून पौराणिक चित्रे करवून घेतली. पुढे १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या छापखान्यामुळे त्याच्या देवदेवता घरोघरच्या भिंतींवर आल्या. आपली दृष्टी त्या चित्रांवर घडली. एक क्षण, एक मुद्रा, डोळ्यांतले पाणी, एवढेच आपण चित्रात शोधू लागलो.

साहिबदीनच्या सीतेच्या चेहऱ्यावर असा शोक शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. मेवाड शैलीतील चेहरे साच्यातले असतात, ही तिची मर्यादा मान्य केलीच पाहिजे. परंतु येथे शोक चेहऱ्यात नाही, रचनेत आहे. रावणाला केवळ विजय दिसतो, सीतेला केवळ पतीचा देह. संपूर्ण प्रसंग फक्त आपल्याला दिसतो. शिवाय वाल्मीकींची त्रिजटा सीतेला धीर देताना सांगते, की हे दिव्य विमान विधवेला वाहून नेत नाही. ही कथा ठाऊक असणाऱ्यास पुष्पकात बसलेली सीता दिसताच रामलक्ष्मण जिवंत असल्याची खूण पटते. ज्या विमानातून रावण तिला निराश करू पाहतो, ते विमानच तिच्या सौभाग्याची साक्ष देते!

पण ही खूण कथा जाणणाऱ्यालाच कळते. पोथीत चित्रासोबत संस्कृत पाठ होता, तो याचसाठी. आपल्या घरांतून रामायण वाचून दाखविण्याची परंपरा क्षीण होत चालली आहे. ती लोपली तर असली चित्रे संग्रहालयांत सुखरूप राहतील, रंगही टिकतील. पण सीता विमानात का बसली आहे, हे मुलांना सांगणारे कोणी उरणार नाही. चित्रे जपण्याची काळजी संग्रहालये घेतीलच; ती वाचता येण्याची काळजी मात्र आपण घ्यावयास हवी.