धनाचा अभंग पुरा वाचावा



संतांच्या अभंगांत प्रेम आहे, मोठेपणाची हाव आहे, दारिद्र्य आहे आणि संपत्तीचा भ्रमही आहे. सप्ताहांतून, दिंड्यांतून या चारही विषयांवर कीर्तने होतात. ऐकणारा मात्र बहुधा एकच सार घेऊन घरी जातो : पैसा वाईट, गरिबी बरी, आहे त्यात समाधान मानावे. पंचेचाळीस वर्षे टाळकऱ्यांपुढे उभा राहून निरूपण केले. आता गळा थकला म्हणून गाथा सावकाश वाचतो. साडेचार हजारांहून अधिक अभंगांच्या त्या गाथेत हे सार मला कुठे दिसत नाही.

आधी दारिद्र्याचे पाहू. देहूचे तुकोबांचे घर खाऊनपिऊन सुखी, महाजनकीचे आणि व्यापाराचे. इ.स. १६३० च्या सुमारास दुष्काळ पडला आणि सारे धुऊन गेले. आपली हकिकत सांगणाऱ्या अभंगात तुकोबा काहीही झाकत नाहीत. पैसा संपला, त्यामागे मान गेला, बायको अन्नासाठी टाहो फोडत गेली, धंद्यात तूट आली, जिवाला लाज वाटू लागली. हे दारिद्र्याचे कौतुक आहे का? ही साक्ष आहे. दुसऱ्या एका अभंगात ते देवाला म्हणतात, व्यापार बुडाला, दुष्काळाने गांजले, यात माझे हितच झाले. हा अभंग आपण फार आवडीने लावतो. पण बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, हे पाहिले पाहिजे. तुकोबा स्वतःच्या दुःखाविषयी देवाशी बोलत आहेत. शेजारच्या उपाशी माणसाला ‘तुझे बरे झाले’ असे त्यांनी म्हटलेले नाही. आपले दुःख देवाला वाहणे ही भक्ती, आणि दुसऱ्याच्या दुःखाला गोड म्हणणे ही निष्ठुरता.

आता धन. प्रामाणिक व्यवहाराने पैसा मिळवावा आणि त्यात जीव न गुंतवता तो खर्चावा, असे सांगणारा तुकोबांचा अभंग प्रसिद्ध आहे. निरूपणात ‘जीव गुंतवू नये’ यावर तासभर जातो. ‘मिळवावा’ या शब्दावर क्षणभरही कोणी थांबत नाही. पुढची चरणे तर घाईत उरकली जातात. त्यांत परोपकार आहे, परस्त्रीला आई-बहीण मानणे आहे, जनावरांवर दया आहे, रानात तहानलेल्याला पाणी पाजणे आहे, वडिलांचे नाव वाढवणे आहे. आणि हेच गृहस्थाश्रमाचे फळ, हेच वैराग्याचे बळ, असा शेवट आहे. म्हणजे अभंग धनाला शिव्या देत नाही. धन कोणत्या वाटेने आले आणि कोणत्या वाटेने गेले, एवढेच विचारतो.

मग भ्रम कोणता? धन आपले आहे आणि आपल्याबरोबर राहील, हा. कोट्यवधी जोडले तरी अंगावरची चिंधीही शेवटी सोबत येत नाही, हे तुकोबा ज्याने जोडले त्याला सांगतात. ज्याच्या पेटीत काही नाही त्याला हे ऐकवून काय उपयोग? परंपरा सांगते की तुकोबांनी भावाच्या वाट्याची कर्जखते त्याला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. आधी स्वतःची येणी सोडली, मग सोने मातीसारखे म्हटले. म्हणून त्या शब्दाला वजन आहे.

मोठेपणाच्या हावेचेही असेच. देवाकडे लहानपण मागणारा अभंग आपण पोराबाळांना पाठ करायला देतो. ऐरावत हे रत्न खरे, पण अंकुशाचा मार त्यालाच बसतो. महापुरात झाडे जातात आणि लव्हाळे राहतात. यावरून ‘फार वर पाहू नये’ असा अर्थ काढतात. पण हेच तुकोबा दुसरीकडे आपण अणूहून लहान आणि आकाशाएवढे झालो असे सांगतात! लहान व्हायचे ते अहंकाराने. गरिबाच्या मुलीने शिकू नये, कुळाने मान वर करू नये, असा त्याचा अर्थ लावणे म्हणजे अभंगाला लव्हाळ्याऐवजी अंकुश करणे होय.

आणि प्रेम? नामदेवरायांनी देवाची ओढ सांगताना पक्षिणीचा दाखला घेतला. ती सकाळी चाऱ्याला गेली आहे आणि पिलू उपाशीपोटी वाट पाहते आहे. जनाबाईचा विठ्ठल तिच्यासोबत जाते ओढतो. हे प्रेम हिऱ्यामोत्यांनी सजलेले नाही. दाणा, पीठ आणि भूक यांच्या भाषेत ते बोलते. ज्या कवितेत देवाचे प्रेमदेखील भुकेवरून ओळखायचे असते, ती कविता भुकेला क्षुल्लक कशी मानील?

राहिला प्रश्न आम्हा कीर्तनकारांचा. जिथे कीर्तन करावे तिथे जेवू नये, कपाळी बुक्का लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, घोड्याबैलाला दाणावैरणही मागू नये. द्रव्य घेणारा आणि देणारा दोघेही नरकात जातात, इतके कडक तुकोबांनी लिहून ठेवले आहे. काळ बदलला. प्रवासखर्च, साथीदारांचे पोट, यांना कोणी नाव ठेवणार नाही. पण बिदागीचा आकडा आधी ठरवून मग मांडवात बसलेल्या शेतमजुराला वैराग्य सांगायचे, हे त्या अभंगापुढे टिकत नाही. शब्दांच्या जेवणाने कोणी तृप्त झालेला नाही, हेही तुकोबांचेच सांगणे.

तेव्हा माउलींनो, धनावरचा अभंग कानी पडला की तो शेवटच्या चरणापर्यंत ऐका आणि तो कोणाला उद्देशून आहे ते पाहा. वैराग्याचा उपदेश ज्याच्याकडे आहे त्याला करावा, आणि ज्याच्याकडे नाही त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवावा. पुरा अभंग हेच सांगतो.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!