भामटा कोणाला म्हणायचं?

वर्तमानपत्रात शहराच्या पानावर ही बातमी तुम्ही नक्की वाचली असेल: पोलीस असल्याची बतावणी करून भामट्याने वृद्धेच्या पाटल्या लांबवल्या. त्याच अंकात कधी कधी पतसंस्थेच्या संचालकाने ठेवीदारांचे कोट्यवधी रुपये खाल्ल्याचीही बातमी असते. तिथे शब्द येतात ‘अपहार’, ‘गैरव्यवहार’, फार तर ‘घोटाळा’. संचालकाला कोणी भामटा म्हणत नाही. आता फसवणूक तर दोघांनीही केली, मग असं का?

शब्दाच्या शेजारी कोण बसतं यावरून त्याचा अर्थ शोधणं, हे माझं संशोधनातलं रोजचं काम. ‘लबाड’ घरातला शब्द आहे, ‘लबाड कुठली!’ असं आपण नातीलाही लाडाने म्हणतो. ‘भामटा’च्या शेजारी मात्र ‘अज्ञात’, ‘पसार’, ‘गर्दीचा फायदा घेऊन’ असले शब्द दिसतात. म्हणजे तो नुसता अप्रामाणिक नाही, तो बाहेरचा आहे. संचालक आपल्यातला, म्हणून सुटतो.

हा बाहेरचेपणा आला कुठून? मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) ‘भामटा’ ही जात आहे, आणि त्याच नोंदीत चोरीही आहे. पुढे १९०८ साली मायकेल केनेडी या पोलीस अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या ‘गुन्हेगार वर्गां’वर पुस्तक काढलं; त्यातही भामटे आहेत. जन्मावरून गुन्हेगार ठरवणारा कायदा १८७१चा, तो रद्द झाला १९५२ साली. आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत १४ नावं आहेत. त्यांत ‘भामटा’ आणि ‘राजपूत भामटा’ अशी दोन तुम्हाला सापडतील. आधी जात की आधी शिवी, हा वाद मला इथे गौण वाटतो. जातीच्या दाखल्यावर हा शब्द असलेल्या मुलाने सकाळचा पेपर कसा वाचायचा, हा प्रश्न मोठा आहे.

‘अहो, बोलताना जात कोणाच्या डोक्यात असते?’ असं तुम्ही म्हणाल. मान्य, नसते. पण ती विसरण्याची सोय फक्त आपल्याला आहे, त्या मुलाला नाही.

कोशातून जुना अर्थ गाळा, असं मी म्हणत नाही. तो राहिलाच पाहिजे, नाहीतर हा इतिहास दिसायचाच नाही. माझी तक्रार मथळे देणाऱ्यांशी आहे. मराठीत ‘चोरटा’ आहे, ‘ठकसेन’ आहे, आणि खोटी ओळख सांगणाऱ्यासाठी तर ‘तोतया’ आहेच. पाटल्यांच्या बातमीत तोच जास्त नेमका बसला असता.