अण्णा नाईकांचं भूत लाडकं झालं तेव्हा

कोल्हापुरात मराठी टीव्हीवरच्या भयमालिकांचा विषय निघाला, की गाडी आंबोलीचा घाट उतरून थेट आकेरीच्या वाड्यावर जाऊन थांबते. झी मराठीवर २२ फेब्रुवारी २०१६ ला याच वाड्यात घडणारी ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली, तेव्हा घाटावरच्या आम्हा मंडळींना त्यातली मालवणी निम्मी कळायची आणि निम्मी अंदाजाने लावावी लागायची. तरी रात्री साडेदहाला घराघरात ती लागत असे. पुढे तिची आणखी दोन पर्वं आली. तिन्ही पर्वं सलग डोळ्यांसमोर आणली, तर एखादी चांगली भयकथा हातातून कशी निसटत जाते, हे पायरी पायरीने दिसतं.

पहिल्या पर्वाचं श्रेय आधी मोकळेपणाने देऊ या. गोष्ट सुरू होते ती अण्णा नाईक गेल्यावर. मुंबईचा माधव, गावातच राहिलेला दत्ता आणि धाकटा अभिराम हे त्यांचे मुलगे वाड्यात जमतात आणि सुतक फिटायच्या आत वाटणीचं बोलणं निघतं. मालिकेची खरी ताकद इथेच होती. माजघरात सुनांची कुजबुज चाललेली, अण्णांची बायको माई कोपऱ्यात गप्प, ओसरीवर भावांचे आवाज चढलेले, आणि मधूनच पांडू येऊन सांगायला आलेली गोष्टच ‘इसारलंय’ म्हणून हात हलवत निघून जाणार. हसू येतं, पण तो नेमकं काय विसरला ही रुखरुख मागे राहते. पांडूचं काम करणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेच्या लेखनातही होते. त्या बोलीला घरचा वास होता तो उगाच नाही. दिग्दर्शक राजू सावंत यांनी कॅमेरा भुताच्या मागे पळवला नाही. रिकामी पडवी, कंदिलाच्या उजेडाबाहेरचं आवार, आडाचा काठ यांवर तो नुसता थांबून राहायचा.

त्यात नीलिमा होती. माधवची ही बायको प्रत्येक प्रकारामागचं कारण शोधायची आणि ‘असं काही नसतं’ हे ठामपणे म्हणायची. विवेकवादी गोविंद पानसरे यांच्यावर कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या फेब्रुवारी २०१५ मध्ये. त्याला वर्ष होतं न होतं तोच ही मालिका आली. त्यामुळे भूतखेत विकणाऱ्या कार्यक्रमाकडे आमच्याकडचे बरेच जण कपाळाला आठ्या घालूनच बघत होते. तिकडे कोकणातही मुलखाची बदनामी होते म्हणून ओरड झाली. पण पहिल्या पर्वाने निदान वाद खुला ठेवला होता. घडलेल्या गोष्टीचे दोन अर्थ लागत होते, आणि भीती त्या दोहोंच्या मधल्या फटीत राहत होती. शेवटाकडे उलगडा घाईने गुंडाळला, हे मात्र मान्य करायला हवं. ऑक्टोबरमध्ये, म्हणजे आठ महिन्यांत, पर्व संपलं. रोज चालणाऱ्या मालिकेच्या मानाने हा संयमच म्हणायचा.

दुसरं पर्व १४ जानेवारी २०१९ ला आलं आणि त्याने हुशारीने मागे पाऊल टाकलं. मेलेले अण्णा जिवंत असतानाची ही गोष्ट. माधव अभ्यंकरांनी उभा केलेला हा माणूस भुतापेक्षा भयंकर होता. जमिनी लाटणारा, बायकोला पायपुसण्यासारखी वागवणारा, ज्याच्या खाकरण्याने घर चिडीचूप होतं असा. शकुंतला नरे यांची माई त्याच्या ताटात वाढतानाही अंग चोरून उभी राहायची. त्या उभ्या राहण्यात जी भीती होती, ती कुठल्याही पांढऱ्या साडीत नव्हती. माझ्या मते या पर्वाचे सुरुवातीचे काही महिने तिन्ही पर्वांत सरस आहेत.

मग अण्णांची प्रेयसी शेवंता आली, आणि प्रेक्षकांनी तिला आणि अण्णांना डोक्यावर घेतलं. अपूर्वा नेमळेकर यांनी काम झकास केलं, यात वाद नाही. पण वाहिनीला काय चालतंय हे कळलं आणि गोष्टीचा तोल तिकडे कलला. गावाला पिळणारा माणूस मोबाइलवरच्या विनोदांचा नायक झाला. लग्नाच्या हॉलमध्ये, गॅदरिंगमध्ये, गणपतीच्या मांडवात पोरं अण्णांची नक्कल करू लागली. गोव्याला निघालेली आमच्याकडची मंडळी वाट वाकडी करून वाड्यासमोर फोटो काढून घेऊ लागली. टाळेबंदीत खंड पडून हे पर्व ऑगस्ट २०२० मध्ये संपलं, तोवर त्या वाड्याची भीती जाऊन त्याचं प्रेक्षणीय स्थळ झालं होतं.

मार्च २०२१ मध्ये तिसरं पर्व सुरू झालं ते या लाडक्या जोडप्याची भुतं घेऊन. या पर्वाचे हाल झाले त्यात काही भाग नशिबाचा होता. करोनाची दुसरी लाट आली, चित्रीकरण थांबलं, मालिका मधेच बंद राहिली, पुढे शेवंताचं काम करणारी अभिनेत्रीही बदलली. ते सोडून देऊ. पण मूळ घोळ कागदावरच झाला होता. ज्याची नक्कल आपण घरच्या ग्रुपवर पुढे पाठवली आहे, त्या माणसाचं भूत खिडकीत उभं राहिलं तर घाबरायचं कसं? अण्णा दिसले की ओळखीचं कुणी आल्यासारखं वाटायचं. भुतांना लांबलचक संवाद मिळाले, सुडाचे बेत मिळाले, घरातल्या माणसांशी सासू-सुनेच्या मालिकेतली भांडणंही मिळाली. काय दाखवायचं नाही, हे पहिल्या पर्वाला ठाऊक होतं. तिसऱ्याने सगळं दाखवलं, पार्श्वसंगीत वाजवून वाजवून दाखवलं. २०२२ मध्ये मालिका संपली, तेव्हा फार कुणाला हळहळ वाटली नाही.

हा अनुभव आम्हाला भयमालिकेपुरताच आला असं नाही. करवीर तालुक्यातल्या वसगडे गावात रुजलेली ‘तुझ्यात जीव रंगला’ त्याच २०१६ साली सुरू झाली. तालमीची माती, लाजाळू राणादा, शिक्षिका अंजली असा नेटका जीव होता तिचा. ती २०२१ च्या सुरुवातीपर्यंत ताणली गेली. पण प्रेमकथा ताणली तर ती कंटाळवाणी होते, इतकंच. भयकथा ताणली तर ती विनोदी होते.

सगळा दोष लांबीवर टाकून मोकळं व्हावं, असं वाटतं खरं. पण जपानचं एक उदाहरण आडवं येतं. ‘यामिशिबाई’ ही तिकडची ॲनिमेशन मालिका जुलै २०१३ मध्ये सुरू झाली. एकेक भाग चार-पाच मिनिटांचा, दर वेळी नवी गोष्ट, नवी माणसं. लाडकं व्हायला पात्रच नाही. संध्याकाळी मुखवटा घातलेला कथेकरी मुलांना बोलावतो आणि लाकडी चौकटीतली चित्रं सरकवत गोष्ट सांगतो, अशी मांडणी. सायकलवर चौकट बांधून, गोळ्या विकत, रस्त्यावर गोष्टी सांगणाऱ्यांची ‘कामिशिबाई’ ही कला १९३० च्या दशकात जपानभर होती, टीव्हीने ती मारली. तिची नक्कल म्हणून या मालिकेतली चित्रं जवळजवळ हलतच नाहीत. पहिल्याच भागात नव्या खोलीत राहायला आलेल्या तरुणाला छताला चिकटवलेला मंतरलेला कागद सापडतो, आणि समोरच्या इमारतीतून एक बाई त्याच्याकडे टक लावून पाहत असते. चेहरा कागदी, ताठ, आणि तोंड तेवढं हलणारं. पोट ढवळून निघतं.

तीही घसरली. दहाहून जास्त पर्वं झाली, दिग्दर्शक बदलत गेले. ‘जु-ऑन’ या भयपटाचे दिग्दर्शक ताकाशी शिमिझूही मध्ये येऊन गेले. कधी चित्रशैली बदलली, कधी एखादं सूत्र घेऊन अख्खं पर्व रचलं. पण चित्र न हलणं ही सुरुवातीला कलेची गरज होती, ती पुढे सोय झाली. विचित्र काहीतरी दिसतं, माणूस किंचाळतो, पडदा काळा होतो. चार मिनिटांत एवढंच होणार, हे पाहणाऱ्याला पहिल्या मिनिटात कळू लागलं. आपल्याकडे भूत ओळखीचं झालं, तिकडे भिववण्याची रीत ओळखीची झाली.

गंमत म्हणजे चित्रांवर गोष्ट सांगणाऱ्यांचं आपलं गाव आकेरीच्याच तळकोकणात, कुडाळजवळ पिंगुळीला आहे. ठाकर समाजातले चित्रकथी हातात पोथीतली चित्रं धरून एकेक पुढे करत रामायण-महाभारतातल्या कथा गातात. २०२१ मध्ये परशुराम गंगावणे यांना याच परंपरेसाठी पद्मश्री मिळाली. पोथीतलं शेवटचं चित्र पुढे आलं की कथा संपते. वाहिनीला हवं म्हणून त्यात चित्रं घुसवता येत नाहीत.

मराठी भयकथेची पोथीही काही रिकामी नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी ती भरून ठेवली आहे. मतकरींच्या ‘गहिरे पाणी’ने सुट्या गोष्टींची मालिका टीव्हीवर चालवून दाखवली होती. धारपांच्या कथेचा आधार घेतलेला ‘तुंबाड’ २०१८ मध्ये आला, मराठी मातीतला असून हिंदीत आला, आणि २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हाही लोकांनी थिएटरं भरली. मालिकांमध्ये मात्र २०२२ च्या ‘सातव्या मुलीची सातवी मुलगी’पर्यंत येता येता भीतीचं काम मंतरलेल्या वस्तू आणि दागिने घातलेल्या खलनायिकेवर आलं. तिला भयमालिका म्हणायला मी तयार नाही. ती कौटुंबिक मालिकाच आहे, फक्त अंगारा लावलेली.

वाहिन्यांना इतकंच सांगणं आहे, की धारप-मतकरींच्या गोष्टी घ्या, तेरा भाग करा आणि थांबा. आणि ज्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही, त्यांनी ‘रात्रीस खेळ चाले’चं पहिलं पर्व पूर्ण पाहावं, दुसरं शेवंता-अण्णांचं प्रेम रंगात येईपर्यंत पाहावं आणि ‘यामिशिबाई’ची पहिली दोन पर्वं पाहावीत. तिसऱ्या पर्वाच्या वाटेला गेला नाहीत तरी काही बिघडत नाही.