दिव्याचें मोल आणि कारागिराचें नांव

जुन्या वस्तूंच्या लिलावांचीं वृत्तें वाचतांना लक्ष प्रथम किंमतीकडे जातें, आणि पुष्कळदां तें तेथेंच थांबतें. सन २०१८ च्या डिसेंबरांत न्यूयॉर्क येथें ख्रिस्टीज या पेढीच्या लिलावांत टिफनी कारखान्याचा मेजावरील एक दिवा सुमारें ३३ लाख ७२ हजार डॉलरांस विकला गेला. त्याच्या कांचेच्या छत्रीवर तळ्यांतील कमळें फुललेलीं आहेत. एवढा पैसा नेमका कशाचा, हा प्रश्न वाचकांच्या मनांत सहज येईल. आणि टीकाकाराचें कामही ह्याच प्रश्नापासून सुरू होतें.

प्रथम वस्तु पाहूं. असल्या छत्रींत फुलें कुंचल्यानें रंगविलेलीं नसतात. पाकळीची लाली, पानाचा हिरवेपणा, पाण्याची निळसर झांक, हीं सर्व कांचेच्या अंगचींच असतात. कांच वितळलेली असतांनाच निरनिराळे रंग तिच्यांत मिसळून दुधी, ढगाळ तक्ते तयार करीत. कारागिरानें तो तक्ता उजेडासमोर धरावयाचा, त्याच्या कोणत्या भागांत पाकळीची छटा लपली आहे हें ओळखावयाचें, आणि तेवढाच तुकडा कापावयाचा. मग प्रत्येक तुकड्याच्या कडेस तांब्याची पातळ पट्टी लपेटून, ते सारे लांकडी साच्यावर मांडून, शिसें व कथील यांचा डाख देऊन सांधावयाचे. ‘विस्टेरिया’ नांवाच्या छत्रींत असे सुमारें २,००० तुकडे असतात. दिवा विझलेला असतां सांध्यांच्या काळ्या रेघा नुसत्या रेघाच दिसतात. तो पेटला म्हणजे त्याच रेघांच्या डहाळ्या होतात. जी गोष्ट लपवावी असें सामान्य कारागिरास वाटलें असतें, तिचाच येथें उपयोग करून घेतला आहे. आमच्या मतें ह्या कलेचें मर्म यांतच आहे.

परंतु बाजार सांध्यांपेक्षां छाप अधिक पाहतो, आणि छाप आहे ती लुई कम्फर्ट टिफनी (१८४८–१९३३) यांच्या कारखान्याची. त्या कारखान्यांत कांच निवडून कापण्याचा एक स्वतंत्र स्त्रीविभाग होता, व क्लारा ड्रिस्कॉल (१८६१–१९४४) या बाई त्याच्या प्रमुख होत्या. त्यांनीं आपल्या आईस व बहिणींस लिहिलेलीं पत्रें अभ्यासकांच्या हातीं आलीं, आणि २००७ सालीं न्यूयॉर्कच्या इतिहास-संस्थेनें प्रदर्शन भरवून दाखवून दिलें कीं, ‘विस्टेरिया’सारख्या कित्येक नामांकित दिव्यांची मूळ कल्पना ह्या बाईंची होती. दिव्यावर मात्र त्यांचें नांव कोठेंही नाहीं.

कोणी म्हणेल कीं, भट्टी टिफनींची, भांडवल त्यांचें, आणि एकंदर रुचीही त्यांचीच. मग नांव त्यांचें असल्यास बिघडलें काय? ह्या म्हणण्यांत तथ्य आहे. धन्यानें आश्रय दिला नसता तर हे दिवे झालेच नसते. पण आश्रय देणें निराळें आणि घडविणें निराळें. एकाच्या श्रेयानें दुसऱ्याचें श्रेय फिटत नाहीं. शिवाय बाजाराच्या रुचीवर विश्वास तरी किती ठेवावा? १९३२ सालीं हा कारखाना दिवाळखोरींत निघाला, आणि पुढें बरींच वर्षें ह्या दिव्यांना रसिकांत मान राहिला नाहीं. १९५८ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्यें एक प्रदर्शन भरलें, त्यानंतर रुचीचें वारें पुन्हां फिरूं लागलें. ह्या सगळ्या अवधींत कांच तीच होती आणि सांधेही तेच होते.

वाशीमकरांस ही गोष्ट परकी वाटूं नये. आमचें वाशीम म्हणजे वाकाटकांचें वत्सगुल्म. येथील हरिषेण राजाच्या वराहदेव नामक मंत्र्यानें पांचव्या शतकांत अजिंठ्याचें सोळावें लेणें कोरविलें, आणि तसा लेखही तेथें खोदविला. त्या लेखांत राजवंश आहे, मंत्री आहे. ज्यांनीं तेथील भिंती रंगविल्या त्यांचीं नांवें नाहींत. क्लाराबाईंचीं पत्रें तरी सांपडलीं. त्या चित्रकारांचीं पत्रें सांपडण्याची आशा करणें व्यर्थ आहे.

मग आपल्या हातीं काय उरतें? पुण्याच्या दिनकर केळकरांनीं (१८९६–१९९०) एक वाट दाखविली. ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता लिहिणाऱ्या ह्या गृहस्थांनीं अज्ञात कारागिरांचे दिवे, अडकित्ते, दौती आयुष्यभर जमविल्या, आणि ज्या वस्तूंना कोणाची छाप नव्हती त्यांना संग्रहालयांत स्थान दिलें. संग्रहालय उभारणें प्रत्येकास साधणारें नाहीं. पण अनेक घरांतील समई किंवा लामणदिवा आज मोडींत जातो, तो किलोच्या भावानें. तिकडे छापेवर मोल ठरतें, इकडे वजनावर. घडणीकडे दोन्हीकडे कोणी पाहत नाहीं. तेव्हां तराजूंत टाकण्यापूर्वीं घरच्या मंडळींनीं तो दिवा एकदां नीट न्याहाळावा. साखळीची कडी, मोराची मान, वातीच्या तोटीची घडण पाहावी. आणि तो कोणत्या गांवच्या कोणत्या ओताऱ्यानें ओतला हें एखाद्या वृद्ध माणसास अजून आठवत असेल, तर तें नांव वहींत टिपून ठेवावें. एका घरच्या पत्रव्यवहारानें क्लाराबाईंचें नांव वांचविलें. तसें आपल्या कारागिरांचें नांव घरच्या वहीनें कां वांचूं नये?